खरी नक्कल

तलाठ्याकडून किंवा तहसील कचेरीतून जमिनीच्या जुन्या कागदाची प्रत आणली, की तिच्या तळाशी एक शिक्का दिसतो : 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीसाठी ज्यांनी कचेरीचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे शब्द पाठ असतील. आम्हीही ते कित्येकदा वाचले, पण त्यांवर कधी विचार केला नाही. एखादी वस्तू नक्कल आहे आणि तरीही ती खरी आहे, हे कसे, असा प्रश्न आमच्या मनात आला तो जमिनीच्या कागदामुळे नव्हे. तो आला एका जुन्या मोटारीच्या मडगार्डामुळे.

आमच्या वडिलांनी १९७६ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मूळच्या इटालियन फियाट ११०० च्या घडणीची ही गाडी. नाव बदलले तरी इतर घरांप्रमाणे आमच्याही घरात तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हटले गेले. १९९१ च्या पावसाळ्यात ती रस्त्याकडेच्या झाडावर आदळली आणि तिचे डावे मडगार्ड व बॉनेट चेपले. कंपनीचा भाग मिळायला वेळ लागेल आणि तो महागही पडेल, म्हणून मेस्त्रींनी मुंबईच्या बाजारातून दुसऱ्याच कुणी तरी बनवलेले भाग आणले. ते बसवण्यापूर्वी त्यांनी आम्हा तिघा भावंडांना जुने चेपलेले आणि नवे कोरे, अशा दोन्ही मडगार्डांवर हात फिरवायला लावला. जुन्याचा पत्रा जाड होता, त्याची दुमडलेली कड एकसारखी होती, आणि बोटाच्या पेराने वाजवले तर त्यातून भरीव नाद येई. नव्याचा पत्रा पातळ होता, कड कुठे रुंद तर कुठे अरुंद होती, आणि त्याचा आवाज डब्यासारखा पोकळ येत होता. मेस्त्री म्हणाले, "पोरांनो, हा माल कंपनीचा नाही. तुमच्या वडलांना मी सांगितलंय. सांगून लावलेल्या मालाची लाज नसते."

त्या वयात हे वाक्य आम्हांला फारसे कळले नाही. ते पुरते कळायला पुढे आमच्याच हातून एक चूक घडावी लागली. ती चूक सांगण्यापूर्वी जुन्या मोटारींच्या जगात अस्सल आणि नक्कल ह्यांची पारख कशी करतात, ते पाहणे उपयोगाचे ठरेल. ही पारख वरवर पाहता लोखंडाची असली, तरी तिच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे.

युरोप-अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी जतन करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. अमेरिकेतील कॉर्व्हेट ह्या एकाच जातीच्या गाडीसाठी १९७४ साली जतनकर्त्यांची एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे परीक्षक गाडीच्या बोल्टाचे डोकेसुद्धा तपासतात, कारण बोल्ट बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याची खूण त्या डोक्यावर असे आणि ती खूण त्या काळाशी जुळावी लागते. काचेच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांवरून काच कोणत्या महिन्यात तयार झाली ते कळते. शेव्हरोले इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीख उठवलेली असते : महिन्यासाठी ए पासून एल पर्यंतचे एक अक्षर, पुढे दिवस, आणि शेवटी वर्षाचा अखेरचा आकडा. म्हणजे 'सी १२ ७' असे असेल, तर १९६७ च्या गाडीत त्याचा अर्थ १२ मार्च १९६७ असा होतो. त्याच इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या सपाट जागेवर जुळणीची तारीख आणि गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. इंजिन आधी ओतले जाते, मग जुळवले जाते, आणि त्यानंतर ते गाडीत बसते. सर्व तारखा ह्या क्रमाने आल्या पाहिजेत. गाडीच्या जन्मानंतर ओतलेले इंजिन त्या गाडीचे मूळ इंजिन असूच शकत नाही, मग ते कितीही चकचकीत असो.

काही खुणा ह्याहूनही सूक्ष्म आहेत. एखादा मूळ भाग साचा म्हणून वापरून त्यावरून नवा भाग ओतला, तर तो किंचित लहान निघतो. वितळलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसते. मूळ कारखान्याने साचा करताना तेवढी वाढ आधीच धरलेली असते, नक्कल करणाऱ्याला ती सापडत नाही. अक्षरांच्या कडाही बोथट होतात. नकलेवरून पुन्हा नक्कल ओतली तर ती आणखी लहान आणि आणखी बोथट होते. कारखान्यात दोन पत्रे जोडताना यंत्राने दिलेल्या ठिपक्यांच्या वेल्डिंगमुळे ठरावीक अंतरावर गोल खळगे उमटतात. गॅरेजमध्ये हाताने केलेल्या जोडात त्यांच्याऐवजी एक सलग वळ दिसतो.

सर्वांत नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, ह्या पारखीत अति सुबकपणा संशयास्पद ठरतो. कारखान्यातील कामगार घाईत असे. रंगाचा फवारा नको तिथे उडे, क्वचित त्याचा ओघळ वाळून राही, तपासनीस खडूने खूण करून पुढे जाई. ज्या गाडीत असे काहीच दिसत नाही ती 'गरजेपेक्षा जास्त सुधारलेली' समजली जाते आणि तिचे गुण कापले जातात. ह्यावर लोकांनी काय उपाय काढावा? आता ते खडूच्या त्या खुणा आणि रंगाचे ते ओघळही हुबेहूब काढू लागले आहेत! म्हणजे कामगाराच्या चुकीचीही नक्कल होते. इथपर्यंतही एक वेळ ठीक. परंतु मूळ इंजिन आणि मूळ क्रमांक असलेल्या गाडीला बाजारात अधिक भाव मिळतो असे दिसताच काहींनी दुसऱ्या इंजिनावरील खरा आकडा घासून तिथे हवा तो आकडा ठोकायला सुरुवात केली. परीक्षकांनी त्यावरही तोड काढली. कारखान्यात ती जागा सपाट करताना हत्याराच्या दातांच्या बारीक समांतर रेषा पुढून मागे उमटत. घासकाम केल्यावर त्या नाहीशा होतात. लवकरच त्या रेषाही खोट्या काढल्या जाऊ लागल्या. खोटेपणाला एका जागी थांबता येत नाही. एक खूण लपवायची तर दुसरी खूण बनवावी लागते, आणि ह्या मालिकेला अंत नसतो.

पण मुळात 'अस्सल' म्हणजे काय? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे तो एका खटल्याच्या रूपाने उभा राहिला. 'ओल्ड नंबर वन' ह्या नावाची एक बेंटले गाडी होती. फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ मध्ये जिंकली आणि १९३० मध्ये पुन्हा जिंकली. हबर्ड नावाच्या मालकाने ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार एका कंपनीशी केला. नंतर कंपनी मागे सरकली. तिचे म्हणणे असे, की शर्यत जिंकलेली ती गाडी ही नव्हेच. पुराव्यातून जे पुढे आले ते खरोखरच चक्रावून टाकणारे होते. शर्यतींच्या त्या वर्षांत गाडीचे भाग सतत बदलले गेले होते. १९३२ मध्ये तिच्यात मोठे, आठ लिटरचे इंजिन बसवले गेले होते. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उंच कडेवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यू पावला. त्यानंतर ती पुन्हा उभी केली गेली आणि तिच्यावर रस्त्यावरच्या गाडीची बॉडी चढवली गेली. १९२९ सालच्या विजयी गाडीतील खात्रीने सांगता येईल असे जवळजवळ काहीच तिच्यात उरले नव्हते. १९३० च्या गाडीपैकी उरले होते ते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा.

आपल्याला वाटेल, निकाल कंपनीच्या बाजूने लागला असेल. तसे झाले नाही. न्यायमूर्ती ऑटन ह्यांनी दोन शब्दांत भेद केला. कारखान्यातून बाहेर पडली तशीच राहिली ह्या अर्थाने ही गाडी 'मूळ' नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र ती अस्सल आहे, असे त्यांनी ठरवले. बदल एकदम झाले नव्हते. प्रत्येक नवा भाग चालत्या, ओळखीच्या गाडीत सामावला जात होता, आणि तिच्या इतिहासाचा धागा कुठेही तुटला नव्हता. 'ओल्ड नंबर वन' ह्या नावावर हक्क सांगू शकेल अशी जगात दुसरी कोणतीही गाडी नव्हती. खरेदीदार केवळ धातू विकत घेत नव्हता, त्या धातूबरोबर येणारा इतिहास आणि लौकिकही तो घेत होता.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना इथे थीसियसच्या जहाजाची आठवण होईल. अथेन्सच्या लोकांनी आपल्या ह्या वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज शतकानुशतके जपले. फळी कुजली की ती काढून तिथे नवी बसवीत. अखेर सर्वच फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिले का, ह्यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने ह्या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा केल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? जुन्या मोटारींच्या व्यवहारात हे कोडे नुसते पुस्तकी राहत नाही. एका गाडीची चेसिस एका गॅरेजमध्ये, इंजिन दुसऱ्या खंडात, आणि दोन्ही मालक आपलीच गाडी खरी म्हणून सांगतात, असे प्रत्यक्षात घडते.

कुणी म्हणेल, बनवणाऱ्यालाच विचारावे, तोच खरे-खोटे ठरवील. ह्या उत्तरातही एक अडचण आहे. जग्वार कंपनीने १९६३ मध्ये शर्यतीसाठी हलक्या ई-टाइप गाड्या बनवायला घेतल्या. अठरा बनवायचे ठरले होते, बनल्या बाराच. सहा क्रमांक रिकामे राहिले. २०१४ मध्ये कंपनीने त्याच सहा क्रमांकांच्या गाड्या नव्याने बांधायला घेतल्या. त्यापूर्वीची एक घटना अशी, की १९५७ च्या फेब्रुवारीत जग्वारच्या कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस जातीच्या नऊ गाड्या जळाल्या. २०१६ मध्ये त्या नऊंच्या जागी नव्या नऊ बांधण्याचे कंपनीने जाहीर केले. कारखाना तोच, आराखडे तेच, क्रमांकही कंपनीच्याच वहीतले. मग ह्या गाड्या अस्सल की नक्कल? कंपनीने त्या नव्याने बांधल्याचे उघड सांगितले, म्हणून इथे फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. तरीही सन १९६३ ची गाडी आणि सन २०१४ ची गाडी ह्या दोहोंत एक अंतर उरते, आणि ते कोणत्याही आराखड्याने भरून निघत नाही. पहिल्या गाडीवरून काळ गेला आहे, दुसरीवरून तो अजून जायचा आहे. इंग्लंडमध्येच एमजीबी ह्या गाडीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले. पुढे तिचे जुने साचे शोधून काढून १९८८ पासून तिच्या संपूर्ण नव्या बॉडी पुन्हा दाबून बनवल्या जाऊ लागल्या. साचा मूळ, पत्रा नवा. गंजून संपलेल्या कित्येक गाड्यांना त्यामुळे पुन्हा रस्ता दिसला.

ह्यावरून एक गोष्ट आम्हांला स्पष्ट झाली. नक्कल ही स्वभावतः वाईट नाही. किंबहुना अनेकदा ती उपकारकच असते. रबराचा पाइप पन्नास वर्षांचा झाला की तो आतून तडकतो. ब्रेकच्या तेलाचा असा पाइप केवळ मूळचा म्हणून गाडीत ठेवणे हा जपणुकीचा अतिरेक झाला. आपल्या आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या जिवाशी तो खेळ आहे. इथे नवा, चांगल्या प्रतीचा भाग हाच योग्य भाग. आपल्या बाजारात 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट' हे शब्द ज्या अर्थाने वापरतात तो अर्थही थोडा निराळा आहे. आजच्या चालू गाडीसाठी 'ओरिजिनल' म्हणजे ज्याच्या दर्जाची कुणी तरी हमी घेतली आहे असा भाग. कंपनीच्या नावाची खोटी पेटी छापून तिच्यातून हलके ब्रेक-लायनर विकणारा माणूस इतिहासाची फसवणूक करीत नाही; तो कुणाच्या तरी लेकराचा जीव धोक्यात घालतो. जुन्या गाडीच्या बाबतीत 'ओरिजिनल' म्हणजे साक्षीदार. तो भाग त्या दिवशी, त्या जागी होता आणि आज तो आपल्यासमोर आहे, एवढेच त्याचे मोल. तो नव्याहून चांगला चालतो म्हणून आपण त्याला मान देत नाही. बरेचदा तो नव्याहून वाईटच चालतो.

म्हणून एकाच वस्तूविषयी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ही वस्तू आपले काम नीट करील काय? आणि ही वस्तू जी साक्ष देते ती खरी आहे काय? नक्कल पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होऊ शकते. दुसऱ्या प्रश्नातही ती उत्तीर्ण होऊ शकते, फक्त तिने 'मी नक्कल आहे' असे सांगितले पाहिजे. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद तयार झाली तिच्यात हेच तत्त्व आहे : नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, तथापि पाहणाऱ्याला तो मुळापासून वेगळा ओळखता यावा. जुन्या वाहनांच्या 'फिवा' ह्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तोरिनोची सनद ह्याच विचारावर आधारलेली आहे. बदललेल्या भागांवर कायमची खूण असावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असे ती सुचवते. खूण बटबटीत असण्याची गरज नाही. मडगार्डाच्या आतल्या बाजूला, जिथे हात घातल्याशिवाय दिसणार नाही, तिथेही ती चालेल. शोधणाऱ्याला ती सापडावी, एवढेच महत्त्वाचे.

आता आमच्या चुकीकडे वळतो. वडील गेल्यानंतर २०१२ साली आम्ही फियाट विकायला काढली. तिचे उत्पादन बंद होऊन तोवर दशक उलटले होते. गाडी पाहायला एक तरुण आला. जुन्या पद्मिनी शोधून त्या पूर्ववत करण्याचा त्याला छंद होता. त्याने मोठ्या आदराने गाडीभोवती फेरी मारली, वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली १९७६ ची पावती पाहिली आणि विचारले, "दादा, पत्रा सगळा कंपनीचाच आहे ना?"

आम्ही तिघे भावंडे तिथे उभे होतो. तिघांनाही डावे मडगार्ड आणि बॉनेट आठवले. आमच्यातला एक म्हणाला, "गाडी पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात आहे." ह्या वाक्यात खोटे काही नव्हते. फक्त ते त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याने मान हलवली. उरलेल्या दोघांनी ते ऐकले आणि गप्प राहिलो. प्रत्येकाला वाटले, बोलायचेच असेल तर दुसरा बोलेल. तिघांनी मिळून पाळलेल्या त्या शांततेत गाडीचा व्यवहार ठरला आणि मागितला तो भाव आम्हांला मिळाला.

काही महिन्यांनी एका लग्नात मेस्त्री भेटले. ते आता फार थकले होते. गाडी विकल्याचे कळताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "मडगार्डाचं सांगितलंत ना त्याला?" आम्ही काहीच बोललो नाही. त्यांनीही पुढे विचारले नाही, ताटातले जेवत राहिले. त्या रात्री आम्ही तिघांनी एकमेकांना बोल लावले, आणि शेवटी दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला फोन केला. सारा प्रकार सांगून किंमतीतील फरक परत करण्याची तयारी दाखवली.

तो रागावला नाही. म्हणाला, "रंग खरवडल्यावर पत्रा कळला होता मला. तेवढ्याचं काही नाही, असे भाग सगळ्याच गाड्यांना लागलेले असतात. पण त्यानंतर मला बाकीच्या गोष्टींचीही खात्री वाटेनाशी झाली. दरवाजे मूळचेच आहेत का? मीटरचा आकडा खरा आहे का? ती पावती तरी ह्याच गाडीची आहे का?"

हे उत्तर आमच्या जिव्हारी लागले. दरवाजे मूळचेच होते. मीटरला कुणी हात लावला नव्हता. पावती तर वडिलांनी पस्तीस वर्षे जपलेली होती. एक मडगार्ड लपवून आम्ही त्या सर्व खऱ्या वस्तूंना खोट्याच्या रांगेत उभे केले होते. नकली भागाने गाडीचे नुकसान केले नव्हते, ते आमच्या मौनाने केले. त्याहूनही बोचले ते हे, की वडिलांचा प्रामाणिकपणा त्या पावतीत होता आणि आम्ही त्याच्यावरही सावली पाडली. किंमतीतील फरक त्याने घेतला, तो त्याचा हक्कच होता. ती शंका मात्र आम्हांला परत घेता आली नाही. पुढे आम्ही त्याला जुन्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या, घरातले फोटो, जे जे हाती लागले ते सर्व पाठवले. त्याने त्यांवर विश्वास ठेवला की नाही, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा अधिकार आम्ही गमावला होता.

'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा लहानपणी शिकताना आपल्या डोळ्यांसमोर न्यायालय येते, पिंजरा येतो, शेजाऱ्यावर आळ घेणारा माणूस येतो. बोलले नाही तरी साक्ष खोटी होऊ शकते, हे आम्ही त्या गाडीपाशी शिकलो. खरे वाक्य चुकीच्या जागी ठेवूनही ती खोटी होते. आणि तिघे मिळून गप्प राहिले म्हणून ओझे तिघांत वाटले जात नाही. प्रत्येकाच्या वाट्याला ते पूर्णच येते.

ह्या विचाराला आणखी एक बाजू आहे, आणि ती दिलासा देणारी आहे. न बदललेले असे आपल्यात तरी काय उरते? वयाबरोबर शरीर बदलते. कुणाच्या गुडघ्यात धातूचा सांधा असतो, कुणाच्या हृदयात नवी झडप असते. घराची कौले बदलतात, पुढे कौलांची स्लॅब होते. एखाद्या कुटुंबात लग्न मोडता मोडता वाचते आणि त्यानंतरचा संसार पहिल्यासारखा राहत नाही. आपण सारेच 'ओल्ड नंबर वन'च्या जातीचे आहोत. कारखान्यातून निघालो तसे आपल्यापैकी कुणीच राहिलेलो नाही. न्यायमूर्तींच्या निकालाचा अर्थ आम्ही असा लावतो, की माणसाचा अस्सलपणा न बदलण्यात नसून, झालेल्या बदलांचा हिशेब न तोडता बाळगण्यात आहे.

धर्मग्रामाच्या कचेरीतील बाप्तिस्म्याची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन उमगेल. पहिली नोंद तशीच राहते. पुढे दृढीकरण झाले, लग्न झाले, तर त्याची टीप त्याच नोंदीच्या शेजारी, समासात लिहिली जाते. त्या माणसाचे पुढचे आयुष्य जुन्या नोंदीवर खाडाखोड न करता तिच्या शेजारी येऊन बसते. गाडीची वही अशीच असावी, आणि घराचीही. आपल्याला काय काय झाले, कुठे चेपलो, कुणी कशाने दुरुस्त केले, हे मुलाबाळांना सांगता यावे. विशेषतः चेपल्याच्या जागा. त्या लपवल्या, की मुले आपल्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेऊ लागतात.

मेस्त्री आता हयात नाहीत. त्यांच्या गॅरेजच्या जागी इमारत उभी आहे. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरपासून रस्त्यावर दिसत नाहीत. ज्या थोड्या खाजगी पद्मिनी राहिल्या आहेत त्या बव्हंशी नकली भागांवर चालतात, आणि त्यात काही गैर नाही. त्या भागांवाचून त्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. विकताना, देताना, मुलाच्या हाती किल्ली सोपवताना मालकाने एवढेच करावे : मडगार्डावर त्याचा हात ठेवावा आणि हा भाग कुठला, केव्हा आणि कशामुळे बसवला, ते सांगावे. मग तो भागही कचेरीतल्या त्या कागदासारखा होतो. त्यावर 'नक्कल' असा शिक्का असतो, आणि त्याच शिक्क्यात 'खरी' हा शब्दही असतो.